अर्धं आईचं, अर्धं आत्याचं

९ जानेवारी

प्रिय वहिनी,

पार्सल पोचलं. आधी मनसोक्त चिडून घेते, खुशाली नंतर.

सुट्टीचे दोन दिवस माझे कसे गेले ते ऐक. शुक्रवारी दुकानाचं शटर ओढतानाच मी ठरवलं होतं, की ह्यांच्या स्वेटरची दुसरी बाही संपवायची, तुझ्या होणाऱ्या नातवंडाच्या टोपीला कड लावायची, पांघरुणाचा माझा अर्धा भाग बंद करायचा आणि मधल्या वेळात केक भाजायचा. केक दुकानासाठी. सोमवारी आमच्याकडे डोळे तपासायचं नवं यंत्र येणार म्हणून मालक खुशीत होते, आणि मला कुणी विचारलेलं नसताना मी म्हणून बसले, की केक माझ्याकडून. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

आता घरात त्या मापाच्या सुयांची जोडी एकच. बाही सुयांवर होती आणि टोपीला त्याच सुया हव्या होत्या. म्हणून बाहीचे टाके दोऱ्यावर उतरवले, टोपी चढवली. टोपीची लोकर पुरेना. ती उतरवून पुन्हा बाही चढवायला घेतली तर ओव्हनची घंटा वाजली. मी उठले, दोऱ्याचं टोक पायात अडकलं आणि अख्खी बाही माझ्यामागून स्वयंपाकघरात आली. केक डावीकडे फुगलेला, उजवीकडे बसलेला, कारण आमचा ओव्हन डावीकडेच तापतो. हे येऊन सगळा पसारा बघून गेले आणि जाताना म्हणाले, की दुसरा हात खिशात घालूनच स्वेटर वापरावा लागणार असं दिसतंय.  एक ना धड भाराभर चिंध्या, ही म्हण माझ्याकडे बघूनच कुणीतरी केली असावी.

आणि त्यात तुझं पार्सल.

वहिनी, मी दोन्ही भाग पलंगावर शेजारी शेजारी पसरले. तुझ्या लेकीने फर्मान काढलं तेव्हा किती सोपं वाटलं होतं. बाळाचं पांघरूण अर्धं आईने विणायचं, अर्धं आत्याने, आणि मधे शिवायचं. मला दोघींनी वाढवलं तर बाळालाही दोघी हव्यात, म्हणाली. लोकर तू एकाच दुकानातून घेतलीस आणि निम्मी मला पाठवलीस. टाके तेवढेच, सुया त्याच मापाच्या. तरी तुझा भाग माझ्यापेक्षा वीतभर रुंद भरतो. सुरुवातीची चार बोटं तुझ्या हातची आहेत, घट्ट आणि सपाट. पुढे हात सैल होत गेलाय. मधेमधे टाके सुटलेत आणि कसेबसे उचललेत. एका ठिकाणी तर माझी करंगळी आरपार गेली.

हे तू विणलंस? लग्न होऊन या घरात आलीस तेव्हा मी शाळेत होते, आणि माझा पहिला मफलर तू मला तीनदा उसवायला लावलास. बरं, उसवलेली लोकर तशीच विणू दिली असतीस तरी चाललं असतं. पण नाही. लडी करायची, धुवायची, खाली वजन बांधून वाळत टाकायची, आणि सरळ झाली की मगच सुईवर घ्यायची. मी भोकाड पसरलं होतं. तू ढिम्म. "लोकरीला जुनं विसरायला वेळ लागतो, झिपरे," एवढंच म्हणालीस.

माझं निदान ऐकायचंय? तुझे डोळे अधू झालेत. मी दिवसभर लोकांना खालची ओळ वाचायला लावते, मला कळतं. ताबडतोब तपासून घे. फोनवर विचारलं की तू "थांब, दादाशी बोल" म्हणून सटकतेस, म्हणून हे कागदावर लिहितेय. उत्तरही कागदावरच हवं.

तुझी
झिपरी


१७ जानेवारी

प्रिय झिपरीस,

तुझा राग पोचला, टपालखात्याने वाटेत जरासाही सांडला नाही.

टाइप केलेलं पत्र बघून दचकू नकोस. तुझ्या दादाने माळा आवरताना माझा जुना टाइपरायटर खाली काढला आणि त्याला तेल घातलं. आता काढलाच आहे तर पडून राहू नये म्हणून मी वापरते. आयुष्यभर कचेरीत दुसऱ्यांची पत्रं बडवली, आता स्वतःची बडवते.

डोळ्यांचं म्हणशील, तर समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीला किती चिमटे लावलेत ते मी इथून सांगते. तू चष्म्याच्या दुकानात बसतेस म्हणून तुला जगात फक्त डोळेच दिसतात. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं.

माझा भाग सैल आहे कारण मी तो सैल विणलाय. तान्ह्या बाळाला घट्ट वीण टोचते. मफलर वेगळा, बाळ वेगळं, आणि माणसाने म्हातारपणी मत बदललं तर तो काही गुन्हा नाही. तू फक्त दोन भाग जोड. शिवताना माझ्या बाजूला बारीक चुण्या घेतल्यास की रुंदीतला फरक कुणाला कळणारही नाही.

ओव्हन डावीकडे तापतो हे तुला ठाऊक आहे, मग केक निम्मा भाजल्यावर भांडं फिरवायला काय झालं होतं? नाचता येईना अंगण वाकडं. आणि एका वेळी एकच काम हातात घ्यावं हे तुला मी किती वर्षं सांगतेय? बाही घे आणि बाही संपव. तो बिचारा दोन हिवाळे एका बाहीवर काढतोय.

आता खरी बातमी. लेकीने आमच्याच गल्लीत घर बघितलंय. सुट्टी संपून ती कामावर रुजू झाली, की बाळ दिवसभर माझ्याकडे ठेवणार आहे. पाळणाघरात नाव घातलं होतं ते काढूनही टाकलं. "आई असताना पाळणाघर कशाला," असं म्हणाली. त्या दिवसापासून मी मागची खोली आवरतेय. खिडकीला नवे पडदे लावले, टेबलाचे कोपरे बोथट करून घेतले. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

म्हणून सांगते, तिला उगाच काहीबाही कळवू नकोस. माझ्या डोळ्यांबद्दलसुद्धा नाही. अशा दिवसांत पोरीच्या डोक्याला घोर नको.

वहिनी


३० जानेवारी

प्रिय वहिनी,

ते पत्र होतं की घरमालकाची नोटीस? पाकीट फोडलं आणि क्षणभर वाटलं, आता खोल्या खाली कराव्या लागणार.

तू सांगितल्याप्रमाणे चुण्या घेऊन शिवून बघितलं. पांघरूण कसलं, नाटकाचा पडदा दिसायला लागला. शिवण काढली. मग तुझ्या भागावर ओला पंचा घालून इस्त्रीची वाफ दिली, की आकसतो का बघावा. वाफेने तो आणखी पसरला. मग मी तो बाजूला टाकला आणि पावाकडे वळले, कारण या आठवड्यात पाव करीन असं शेजारच्या बाईंना सांगून ठेवलं होतं. का सांगितलं ते विचारू नकोस. थंडीने पीठ फुगेना, म्हणून भांड्याला ह्यांचा दीड बाहीचा स्वेटर गुंडाळला आणि ते कपाटात ठेवून दिलं. तेवढ्यात टोपीची लोकर आणायला बाजारात गेले. परत येते तर पीठ असं फुगलं होतं की भांडं सोडून स्वेटरच्या गळ्यातून वर आलेलं. लोकरीतून चिकट पीठ काढून बघितलंयस कधी? मी काल दुपारपासून तेच करतेय. पाव झाला नाही, बाही झाली नाही, टोपीला रंग जुळला नाही.

चिडचिड स्वतःवर जास्त आहे, पण तुझ्यावरही आहे. बाळाला टोचतं म्हणून सैल विणलं म्हणतेस. मग सुरुवातीची चार बोटं घट्ट का? आणि सुटलेले टाके कुणासाठी, बाळाने बोट घालायला? वहिनी, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? वय झालं की सगळ्यांनाच चष्मा लागतो. सोबत एक पाठवतेय. विणकाम करणाऱ्यांसाठीच असतो, काड्यांना बारीक दिवे आहेत. मालकांनी मला जुन्या ओळखीत दिला.

आणि एक. तुझं पत्र यायच्या आदल्याच दिवशी लेकीचा फोन आला होता. पांघरूण कुठवर आलं म्हणून तिने विचारलं, तेव्हा मी बोलून गेले, की तुझ्या आईचा भाग सैल आणि वेडावाकडा झालाय, तिचे डोळे एकदा दाखवायला हवेत. वाईट हेतूने नाही बोलले. ती हसली आणि बघते म्हणाली.

तुझी
झिपरी


५ फेब्रुवारी

झिपरीस,

तिला सांगू नकोस म्हटलं होतं. पत्र उशिरा पोचलं हे मला मान्य आहे, पण तुझ्या तोंडाला पत्राची वाट बघायची सवय कधीच नव्हती.

आता ती दर दोन दिवसांनी फोन करते. काय वाचतेस, किती लांबून वाचतेस, डोकं दुखतं का. पुढच्या महिन्यात येऊन मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार आहे. एवढ्या पोटाने प्रवास करून! याचं पाप तुझ्या माथी.

तुझा दिव्यांचा चष्मा तुझ्या दादाने लावून बघितला. तो लावून आता पेपर वाचतो आणि मला खाणीतल्या कामगारासारखा दिसतो.

तिथे बसून मला काय विणायचं ते शिकवू नकोस. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. तो भाग आहे तसा जोड आणि पाठवून दे. मला तो हवा आहे. याहून जास्त लिहीत नाही.

वहिनी


१४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

झालं एकदाचं. पांघरूण सोबत पाठवतेय, आणि बसून वाच, कारण तुला आधी राग येणार आणि मग आनंद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी इतकी वैतागले होते की ठरवलं, आता या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. तू काही डोळे दाखवणार नाहीस आणि तो भाग काही अरुंद होणार नाही. मग गेल्या शुक्रवारी संध्याकाळी मी टीव्हीसमोर बसले आणि तुझा भाग उसवला. सगळा. तुझी ती सुरुवातीची चार बोटंसुद्धा, कारण अर्धवट ठेवून जोड दिसला असता. एका मालिकेच्या दोन भागांत गुंडा तयार. उसवायला काही लागत नाही, वीण इतकी सैल होती की लोकर आपणहून धावत होती.

मग शनिवार, रविवार आणि पुढचा अख्खा आठवडा बसून मी तो भाग नव्याने विणला. बाही पुन्हा दोऱ्यावर. टोपी पिशवीत. रविवारी आमच्या इमारतीत सगळे मिळून चहा प्यायचं ठरलं होतं आणि मी बिस्किटं आणणार होते. अर्थातच मीच म्हणाले होते. पहिला ट्रे ओव्हनमध्ये घातला, एक ओळ विणून उठू म्हटलं, ओळ संपली तर म्हटलं निदान दुसरी तरी. वास आला तेव्हा बिस्किटांची कौलं झाली होती. खाली जाऊन बाजारची बिस्किटं आणली आणि आपल्या डब्यात घालून नेली. सगळ्यांनी कृती विचारली. मी सांगितली.

आता माझी तक्रार ऐक. मी माझ्या हाताने, माझ्या घट्ट हाताने विणूनसुद्धा हा भाग नीट आलेला नाही. रुंदी बरोबर जुळली, पण टाके एकसारखे बसत नाहीत. एक वर, एक खाली, सगळीकडे लाटा. माझा आधीचा भाग बघ आणि हा बघ, दोन वेगळ्या बायकांनी विणल्यासारखे दिसतात. घाईत लोकर धुतली नाही हे कबूल आहे, तेवढ्यावरून बोलू नकोस. धुऊन वाळायची वाट बघितली असती तर बाळ शाळेत गेलं असतं.

पण जोडलंय. तू लेकीला खुशाल अर्धं तुझं म्हणून दे, मी कुणाला बोलणार नाही. लोकर तरी तुझीच आहे.

पोचल्याचं लगेच कळव.

तुझी
झिपरी


२५ फेब्रुवारी

चि. झिपरीस अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिहिणाऱ्यातला नाही हे तुला माहीत आहे. पण तुमच्या दोघींमध्ये काय बिनसलंय ते कुणीतरी मला सांगावं.

तुझं पार्सल आलं त्या दिवशी तुझी वहिनी ते टेबलावर उलगडून बसली. मी म्हटलं, छान झालंय. ती म्हणाली, हो. मग जेवली नाही. दुसऱ्या दिवशी घडी करून कपाटात ठेवलं आणि तेव्हापासून विषय काढला की बडीशेप आणायला म्हणून उठते. तुला पत्र लिहिलं का विचारलं तर म्हणते, काय लिहू.

मला वाटलं होतं तिला आनंद होईल. त्या तुकड्यावर तिने फार दिवस घालवले होते. पावसाळा सरल्यापासून विणत होती. मी सकाळी फिरायला गेलो की हातात घ्यायची आणि मी परतलो की उशीखाली. विचारलं तर म्हणायची, पूर्ण झाल्यावर बघा. नवरा-बायकोत एवढं गुपित मी लग्नाच्या वर्षीसुद्धा पाहिलं नव्हतं. एकदा लवकर आलो तर रडत होती. म्हणाली, कांदा चिरला. विणताना कांदा कोण चिरतं, पण मी वाद घातला नाही.

बाकी ठीक. हल्ली कप फार फुटतात तिच्या हातून, लक्ष नसतं. त्यामुळे चहा मी करतो. पीठही मीच मळतो आणि डब्यांची झाकणंही मलाच उघडायला सांगते. मी म्हणतो बरं झालं, उतारवयात तरी माझी गरज पडली. हट्ट करून माळ्यावरचा टाइपरायटर काढायला लावला आणि एका बोटाने टकटक करत बसते. पूर्वी कचेरीत तिच्या वेगाची ख्याती होती. विचारलं, दुसरा हात कुठाय? तर म्हणाली, विचार करायला हनुवटीखाली लागतो.

तिला दोन ओळी लिही. तू लिहिलंस की ती चिडते, आणि चिडली की बरी असते.

तुझा
दादा


१ मार्च

वहिनी,

दादाचं पत्र दुकानात वाचलं. समोर एक आजोबा चष्म्याची काडी घट्ट करून घ्यायला उभे होते आणि मला स्क्रू दिसेना.

डोळे नव्हते. हात होता.

माझ्या समोर सगळं होतं. सुटलेले टाके होते, टाइप केलेली पत्रं होती, फोन दादाकडे देणं होतं. तो तुकडा तर महिनाभर माझ्या घरात पडून होता, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तुझा हात कसा कसा गेला ते सगळं त्यात विणलेलं होतं. मी टीचभर पट्टी घेऊन त्याची रुंदी मोजत बसले.

मला का नाही सांगितलंस? मी परकी आहे का? तू सांगितलं असतंस तर ती भोकं, ते लोंबणारे टाके, सगळं मी जिवापाड जपलं असतं. तू मला एक मफलर तीनदा उसवायला लावलास म्हणून मी जन्मभर तुझ्या नावाने खडे फोडले. आणि तुझे इतके महिने मी एका संध्याकाळी उसवले, मालिका बघत. "लोकर आपणहून धावत होती" असं लिहून वर तुला पाठवलं. मला माझीच लाज वाटते आणि तुझा संताप येतो, आणि दोन्हींपैकी आधी काय लिहू ते कळत नाही.

आज सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. मी लोकर धुतली नव्हती. तू म्हणायचीस ना, लोकरीला जुनं विसरायला वेळ लागतो. मी तिला वेळच दिला नाही. तुझ्या टाक्यांची वळणं तिच्यात तशीच होती, म्हणून माझा घट्ट हातही तिला सरळ करू शकला नाही. त्या लाटा माझ्या नाहीत, वहिनी. तुझ्या आहेत.

ते पांघरूण धुऊ नकोस. आणि मला लिही. शिव्या लिही, पण लिही.

झिपरी


१२ मार्च

प्रिय झिपरीस,

अक्षर बघून हसू नकोस, डाव्या हाताने लिहितेय. टाइपरायटर पुन्हा माळ्यावर गेला. आता लपवायला काही उरलं नाही, तर त्याचा आवाज तरी कशाला सहन करायचा. हे पत्र तीन बैठकींत लिहून होतंय.

मला तुझा राग आलेला आहे. अजून आहे. पार्सल उघडलं तेव्हा मी माझा तुकडा शोधत होते, आणि शोधता शोधता तुझी चिठ्ठी वाचली. जेवण गेलं नाही म्हणण्यापेक्षा, समोर ताट आहे हेच कळलं नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही उसवलं असतं, हेही खरं. भिकार काम होतं ते. त्याने राग कमी होत नाही, उलट वाढतो.

पावसाळा सरल्यावर उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. तुझ्या दादाला न सांगता डॉक्टरकडे जाऊन आले. मानेतली नस आहे म्हणाले, व्यायाम दिले, सुधारेल तेवढं सुधारेल म्हणाले. कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. माझी तर मूठच वळत नव्हती, तरी मी झाकून ठेवली. लेकीने पाळणाघरातलं नाव काढून टाकलं होतं ना! मनाशी एकच धरून बसले होते, की तो भाग पुरा झाला की हात अजून चालतो असं मला म्हणता येईल. पुरा झालाही होता. वाकडा असेल, पण पुरा झाला होता, झिपरे.

गेल्या आठवड्यात लेक आली. मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मी सगळ्यात खालची ओळ वाचली, आणि तिच्याखाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. डॉक्टर म्हणाले, चष्मा मुलीला लागेल, आईला नाही. ती वाटभर हसत होती. घरी आल्यावर मी पांघरूण काढून दिलं. तिने दोन्ही भागांवरून हात फिरवला, लाटांच्या भागावर थांबली आणि म्हणाली, "हा अर्धा तुझा. आत्या म्हणाली होती वाकडा झालाय म्हणून."

गप्प बसले असते तर सगळं निभावलं असतं. ती खूश होती, डोळे ठीक होते, पांघरूण पुरं होतं. पण तुझं वाकडं काम माझ्या नावावर? ते मला सहन होईना. मी म्हटलं, हे माझं नाही, हे आत्याने विणलंय, माझं होतं ते तिने उसवलं. का उसवलं असं तिने विचारलं. आणि मग एक धागा ओढला गेला आणि बाकीचं सगळं सुटत गेलं. तुझा दादा दारात उभा राहून ऐकत होता. त्याने आत येऊन माझा उजवा हात हातात घेतला. मग म्हणाला, म्हणजे ते कप लक्ष नसल्यामुळे फुटत नव्हते तर.

मी लेकीला म्हटलं, "ज्या हाताला सुई धरवत नाही, त्या हातात बाळ कोण देईल?"

तिने पांघरूण माझ्या मांडीवर पसरलं. मग म्हणाली, "हातात कशाला, आई? मांडी आहे ना तुला."

एवढंच. मी महिनोन् महिने जे पोटात दाबून बसले होते ते तिने एका वाक्यात उडवलं, आणि खरं सांगते, मला त्याचाही राग आला. इतकं सोपं होतं तर मी इतकी का झुरले?

तिने हिशेब लगेच मांडला. सकाळचा अर्धा दिवस पाळणाघर, दुपारनंतर माझ्याकडे. उचलायला आणि अंघोळीला आजोबा, निजवायला मी. मला पूर्ण दिवस हवा होता. अर्धा मिळाला. कुरकुर केली, पण घेतला.

तू आता माफी मागणं थांबव. सुट्टीच्या दिवशी ये आणि तुझ्या नवऱ्याच्या स्वेटरची बाही माझ्यासमोर बसून पुरी कर. दुसरं काही बरोबर आणायचं नाही, टोपी नाही, पीठ नाही, कुणाला शब्द दिलेला केक नाही. तुझा हात चालेल आणि माझं तोंड चालेल, त्यात बाही होऊन जाईल.

लाटांचं तू लिहिलंस ते वाचून मी पांघरूण पुन्हा बाहेर काढलं. खिडकीशी नेऊन बघितलं. बरोबर आहे तुझं. एके ठिकाणी लोकर एकदम वळलेली आहे, तिथे मी एक दिवस बसून होते, तीनदा टाका सुटला होता. मला ती जागा ओळखता आली.

धुऊ नकोस म्हणतेस. मी नाही धुणार. पण झिपरे, पांघरूण बाळाचं आहे. आल्या आल्या पहिल्यांदा ते बाळच भिजवील. तोवर माझे टाके त्यात आहेत.

तुझी
वहिनी